थायरॉइड तर सगळ्यांनाच असतो

वाटी काठोकाठ भरली होती आणि पाणी हलत नव्हतं. फर्निचरच्या दुकानावरचा तो भाड्याचा हॉल, दाटीवाटीने मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे भिंतीला चिकटून उभी माणसं, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या धाकट्या बहिणीच्या हातांवर. तासाभरापूर्वी याच मंचावर तिने वाटी धरली, तेव्हा पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं. मग तिला पेलाभर 'शांतिजल' पाजलं, तासभर प्रवचन झालं, आणि आता थेंब सांडेना.

"बघा!" माइकवरून वाटीवाले महाराज गरजले. "मघाशी हात कोणाचा हलत होता? बाईंचा? छे! आतलं कंपन हलत होतं. शांतिजल आत गेलं, कंपन बाहेर आलं. आता मला सांगा, वाटीत पाणी आहे की काच आहे?"

"काच! काच!" लोक ओरडले. टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या पुढची एक बाई रुमालात तोंड घालून रडायला लागली. आणि माझी आई, जिला घरातला जिना चढतानाही तीनदा थांबावं लागतं, ती पहिल्या रांगेतून उठून तुरुतुरु गेली आणि वाटीवाल्यांचे हात डोळ्यांना लावून आली.

मी मागे उभी होते आणि माझ्याही अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलू? मी गाडी शिकवते. थरथरणारे हात रोज बघते. स्टिअरिंग धरताना कापणारे नवशिके, रिव्हर्स म्हटलं की घामाघूम होणारे दांडगे पुरुष, सगळे माझ्या शेजारी बसून गेलेत. पण चिमणीच्या हाताची थरथर तसली नव्हती. ती चहा पिताना असायची, झोपेत असायची. ती अशी तासाभरात गेली कुठे? मला काही केल्या उत्तर सुचेना, आणि उत्तर सुचलं नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

चिमणी म्हणजे माझी धाकटी. लहानपणी खायची चिमणीएवढं, म्हणून हे नाव. मोठी झाली, लग्न झालं, चौकात केस कापायचं स्वतःचं दुकान टाकलं, तरी नाव तेच. पण गेल्या वर्षात या चिमणीने घरातले डबे फस्त करायला सुरुवात केली. भरल्या ताटावर ताव मारायची, हात धुवून आली की बिस्किटांचा पुडा फोडायची, आणि तरी दिवसेंदिवस वाळत चाललेली. थंडीत पंखा लावून बसायची. तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करतो, तो म्हणायचा, "ताई, गावाचे फ्रिज गार करतो, पण बायको काही गार होत नाही." विनोद बरा होता, पण तो हसत नव्हता.

रात्री झोप नाही, छातीत धडधड, बोलायला जावं तर खेकसणं. मग हात कापायला लागले. एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. दुसरीची बट भलत्याच जागी उडाली. पुढच्या आठवड्यात दुकानातल्या खुर्च्या रिकाम्या.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. पहिल्याने नाडी बघितली, म्हणाला, "टेन्शन." हृदयाच्या डॉक्टरने ईसीजीची पट्टी काढली. "ठोके जलद आहेत, पण हृदय ठणठणीत आहे. झोपेची गोळी घ्या." डोळे वटारल्यासारखे दिसायला लागले म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, त्याने थेंब दिले. पाळी पुढेमागे होते म्हणून बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्या म्हणाल्या, वयाचं आहे. तिचं वय तरी काय! प्रत्येकाने आपापला तुकडा तपासला आणि आख्खी चिमणी कोणीच बघितली नाही.

एकदा मीच त्या पहिल्या डॉक्टरला विचारलं, "थायरॉइड तर नसेल?" तो तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "काहीतरीच काय! थायरॉइडने माणूस फुगतं. आपली मामी बघ, तिला थायरॉइड आहे, दारातून आडवं यावं लागतं. हिला कुठला थायरॉइड? ही तर काडी झालीय." डॉक्टर हसला. बाहेर पेशंटची रांग होती. "आईंचं बरोबर आहे," म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. मीही मान डोलावली. तेव्हा आमच्या घरात, शेजारात, सगळीकडे थायरॉइड म्हणजे जाडी, एवढंच ठाऊक होतं.

मग कुणीतरी वाटीवाल्यांचं नाव सुचवलं आणि आईने तिला तिकडे नेलं.

तर त्या सभेत मी मागे उभी राहून बाकीच्यांचं बघत होते. चिमणीनंतर एक शिपाई आला, एक शिक्षिका आली, एक पहिलवानासारखा गडी आला. सगळ्यांच्या हातात आधी पाणी हललं, शेवटी थांबलं. आणि गड्याच्या वेळी माझी ट्यूब पेटली. पहिल्यांदा देतात ती वाटी पसरट, उथळ, काठोकाठ. "हात सरळ पुढे! ताठ! कोपर वाकलं तर कंपन लपेल!" असं बजावून उभं ठेवतात. शेवटी देतात ती वाटी खोलगट आणि म्हणतात, "आता हृदयाशी धरा." अहो, मी दिवसभर माझ्या गाडीत बसून ओरडते काय? "कोपर वाकवा! हात ताठ धरले की कापणारच!" कुणालाही ताठ हातांवर भरली बशी धरून उभं करा, पाणी नाचणारच. हात छातीशी आणले की थांबणारच.

घरी येऊन मी हे सगळं बशा घेऊन करून दाखवलं. आईच्या हातातून पाणी सांडलं, मेहुण्यांच्या हातातून सांडलं, माझ्याही.

"बरं मग?" आई म्हणाली. "चिमणीने आज कात्री धरली की नाही? चहाचा कप एका हाताने उचलला की नाही? तिथे कुठे होती तुझी पसरट बशी?"

ते खरं होतं. त्या सभेपासून चिमणी रोज सकाळी त्यांच्या बाटलीतलं शांतिजल प्यायची आणि तासाभराने तिचे हात शांत व्हायचे. दुकान पुन्हा उघडलं होतं. छातीतली धडधडही गेली होती. झोपेची गोळी, डोळ्यांचे थेंब, सगळं तिने टाकून दिलं, कारण वाटीवाल्यांनी तसं सांगितलं होतं. पण तिचे कपडे दर पंधरवड्याला आत घ्यावे लागत होते. ती जिना चढताना कठड्याला धरायला लागली होती. डोळे आणखी बाहेर आले होते, आणि मानेला पुढून सूज दिसत होती.

ती सूज वाटीवाल्यांनीही बघितली. "ही गाठ आहे," ते म्हणाले. "बाई, तुमची कोणाशी तरी मनात गाठ बसली आहे. न बोललेला शब्द गळ्यात अडकतो आणि गाठ बनतो. घरात मोठ्या आवाजाचं कोण आहे?"

झालं! मोठ्या आवाजाचं घरात दुसरं कोण असणार?

"ताई," चिमणी मला दारातच म्हणाली, मला आत न घेता. "ते म्हणतात, गाठ सुटेपर्यंत तुझा आवाज माझ्या कानावर पडता कामा नये."

"आणि तुला पटलं हे?"

"मला कात्री धरता येते ना! तुझ्या एकाही डॉक्टरने हात थांबवला माझा? सांग ना!" ती किंचाळलीच. मग म्हणाली, "पुढच्या सभेत ते मला सगळ्यांसमोर उभं करणार आहेत. पूर्ण बरी झालेली म्हणून." आणि दार लावलं. दारामागे ती धापा टाकत होती, ते मला बाहेर ऐकू येत होतं. जिन्यात उभी राहून मी ढसाढसा रडले. माझी बहीण माझ्या डोळ्यांदेखत संपत चालली होती आणि तिच्याशी बोलायचीही मला बंदी होती.

यातून मार्ग निघाला तो आईच्या हौसेपायी. आई दम्याची जुनी पेशंट. लेकीला गुण आला, मग आपल्याला का नको, म्हणून एका दुपारी चिमणीकडे गेली असताना तिने बाटलीतलं पेलाभर शांतिजल गुपचूप पिऊन टाकलं. तासाभराने मेहुण्यांचा फोन: "ताई, या लवकर. आईंचा श्वास अडकलाय. फवारा मारला, पण उपयोग होत नाहीये."

मी शिकवणीच्या गाडीनेच गेले. टपावर भला मोठा 'शिकाऊ' बोर्ड, शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक. आईला मागे घातलं, चिमणी तिला धरून बसली, मेहुणे पुढे. ते घाबरून सारखे त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायचे आणि गाडी भर रस्त्यात गचकन थांबायची. "पाय काढा!" मी ओरडले. "त्या ब्रेकवरून पाय काढा, नाहीतर तुम्हाला इथेच उतरवीन!" माझा आवाज चिमणीच्या कानावर पडता कामा नये वगैरे तेव्हा कुणाला आठवतंय?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला ऑक्सिजन लावला, सुई दिली, वाफ दिली. आईचे निळसर ओठ हळूहळू माणसात आले आणि आमच्या जिवात जीव आला.

"आज वेगळं काय घेतलं यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"काही तरी असणार. नेहमीचा फवारा लागू पडला नाही, असं उगाच होत नाही."

आईने मास्कमधूनच बोट वर केलं आणि चिमणीच्या पिशवीकडे दाखवलं. "पाणी," ती पुटपुटली. "शांतीचं."

डॉक्टरीणबाईंनी बाटली उघडून हुंगली, उजेडात धरली. तळाशी पांढुरका गाळ होता. "हे कुणासाठी आहे?" म्हणत त्यांनी मान वर केली, आणि चिमणीकडे बघून त्यांची नजर तिथेच अडकली. डोळे, मान, गळ्याची हाडं, सगळं त्या बघत राहिल्या.

"तुम्ही बसा इथे. घोटभर पाणी गिळा बघू. हं, साधं पाणी." गिळताना गळ्यावरची ती सूज वर सरकली आणि खाली आली. मग त्यांनी चिमणीचे हात सरळ पुढे करायला लावले, बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद जेमतेम हलला. नाडी बघितली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"सगळी लक्षणं सांगतायत की ही नाडी घोड्यासारखी पळायला हवी. ही इतकी शांत कशी?"

"शांतिजलाने," चिमणी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "माझे हात थांबले त्याने."

डॉक्टरीणबाई एकदा आईकडे बघायच्या, एकदा चिमणीकडे, एकदा बाटलीकडे. "एकाच पाण्याने हिची थरथर थांबली आणि त्यांचा श्वास कोंडला," त्या म्हणाल्या. "हे दोन्ही करणारी एक साधी गोळी असते, बाई. धडधड आणि हाताची थरथर दाबते. कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळते. प्यायल्यावर तासाभरात लागू पडते. दम्याच्या माणसाला मात्र ती देत नाहीत, श्वासनळ्या आवळतात, आणि वर फवाराही नीट चालत नाही. कुणीतरी ती कुटून यात घातलीय, असा माझा दाट संशय आहे. बाटली आम्ही तपासायला पाठवतो."

तासाभरात! म्हणून ते एक तासाचं प्रवचन! म्हणून कंपनशास्त्र, विश्वलहरी आणि देहाची घागर! मी कपाळावर हात मारला. तो माणूस माइक धरून नुसता गोळी विरघळायची वाट बघत होता. ज्यांना काही झालेलंच नव्हतं त्यांच्यासाठी दोन तऱ्हेच्या वाट्या, आणि खऱ्या आजाऱ्यासाठी गोळी.

"पण मग मी बरी झालेय की नाही?" चिमणीने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"हाताची थरथर हे लक्षण आहे. आजार इथे आहे." त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. "रक्त तपासून पक्कं सांगते, पण मला वाटतं थायरॉइड आहे."

"हिला?" मास्क बाजूला करून आई म्हणाली. दम लागला होता, पण वाद सोडेल ती आई कसली! "हिला कसा थायरॉइड असेल? ही तर वाळलीय!"

"आजी, थायरॉइड तर सगळ्यांनाच असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला आहे, मला आहे, या ताईंना आहे. गळ्यातली ती एक ग्रंथी आहे, यकृत असतं, मूत्रपिंड असतं, तशी. ती काम कमी करायला लागली की माणूस सुस्तावतो, बहुधा जाड होतो. तुमच्या ओळखीत तसंच कुणीतरी असेल."

"मामी," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"आणि ती प्रमाणाबाहेर काम करायला लागली की सगळं उलटं. भूक वाढते, वजन उतरतं, उकडतं, झोप उडते, चिडचिड होते, हात कापतात, कधी डोळे बाहेर येतात. 'थायरॉइड झालाय' असं आपण म्हणतो ना, तिथेच घोळ होतो. कमी की जास्त, हे कुणी विचारतच नाही."

चिमणी माझ्या कुशीत शिरून रडायला लागली. "म्हणजे मी वेडी होत नव्हते, ताई? मी मुद्दाम नव्हते ना चिडत?"

"नव्हतीस गं," मी म्हणाले, माझा तो सुप्रसिद्ध मोठा आवाज जमेल तेवढा खाली आणून.

रक्ताने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं ठरवलं. ग्रंथीला आवरणारं औषध सुरू झालं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर हात आणि हृदय सांभाळायला त्यांनी तीच गोळी दिली, पण मोजून, नाडी बघून, चिमणीला नाव सांगून. आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदय बिघडलं असतं, कदाचित जिवावरही बेतलं असतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाटलीचा अहवाल आला. गोळी सापडली. डॉक्टरीणबाईंनी औषध खात्याकडे तक्रार केली. पण खातं हलेपर्यंत सभेचा दिवस उजाडला.

"मी जाणार," चिमणी म्हणाली. "त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं करायचं ठरवलंय ना? मग उभी राहते."

हॉल तुडुंब भरलेला. मी, डॉक्टरीणबाई आणि मेहुणे मागे बसलो. वाटीवाल्यांनी चिमणीला मंचावर बोलावलं. या वेळी तर त्यांनी तिच्या हातात ती पसरट वाटीच दिली, पण "हृदयाशी धरा" म्हणत. पाणी हललं नाही.

"ही आमच्या शांतिजलाची कन्या!" ते गरजले. "सगळ्या डॉक्टरांनी हात टेकले होते! आज बघा!"

"मी बोलू का?" चिमणीने विचारलं आणि माइक घेतला. "माझा हात आज थांबलाय हे खरं आहे. पण मी यांचं पाणी कधीच सोडलंय. आज सकाळी मी ही गोळी घेतली." तिने गोळ्यांचं पाकीट वर धरलं. "चौकातल्या औषधाच्या दुकानातली. हीच गोळी हे कुटून बाटलीत घालतात, न सांगता, न मोजता. तपासणीचा अहवाल आहे आमच्याकडे. माझी दम्याची आई ते पाणी पिऊन मरता मरता वाचली."

वाटीवाले हसले, पण ओठांच्या कडा खाली आल्या. "अश्रद्धेचं कंपन! बघा, बाईंच्या आत पुन्हा कंपन शिरलंय!"

मला आता कोण थांबवणार? मी उठलेच. "महाराज, मग तुम्ही धरा ना वाटी! ही पसरट. हात ताठ. कोपर वाकलं तर कंपन लपेल, तुम्हीच म्हणता."

"मला सिद्ध करायची गरज नाही."

"मग शांतिजल प्या आमच्यासमोर पेलाभर. डॉक्टरीणबाई इथेच आहेत, तुमच्या नाडीवर हात ठेवून बसतील."

"माझं आज मौन आहे," असं ते माइकवर मोठ्याने म्हणाले. पहिल्यांदा हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. मी पुढच्या रांगेतल्या लोकांच्या हातात घरून आणलेल्या पसरट बशा भरून दिल्या, ताठ हातांनी धरायला लावल्या. पाणी सगळ्यांच्या बाहीत शिरलं. मग कोपर वाकवायला सांगितलं. थांबलं. तेवढ्या गडबडीत वाटीवाले मागच्या दाराने सटकले.

एक गृहस्थ बाटली घेऊन डॉक्टरीणबाईंपाशी आले. "ही ओतून टाकू का?"

"ओतू नका, आणि रोज घेत असाल तर असं एकदम बंदही करू नका. उद्या बाटली घेऊन दवाखान्यात या. कशासाठी घेत होता, ते बघू."

आता मला सरळ सांगू द्या. गाडीत इंजिनाचा लाल दिवा लागला तर दिव्यावर चिकटपट्टी लावून कोणी गाडी हाकत नाही. शरीराचंही तसंच आहे. थरथर थांबवणाऱ्याला विचारा, थरथर होती कशाने? पाणी पाजणाऱ्याला विचारा, यात आहे काय? ज्याला हा प्रश्न खपत नाही, त्याच्या हातचं काही पिऊ नका. आणि डॉक्टरलाही विचारा, पुन्हा विचारा, एकाने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जा. आम्हीही आधीच खोदून विचारायला हवं होतं.

हॉल रिकामा होत होता. तीच रडणारी बाई, मागच्या सभेतली, चिमणीपाशी येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर राग होता, आणि तो आमच्यावरच होता.

"तुम्ही म्हणता ते असेलही," ती म्हणाली. "पण त्या पाण्याने आम्हाला बरं वाटत होतं. ते तरी कशाला हिरावून घेतलंत?"

चिमणीने तिचा हात हातात घेतला.

"मलाही बरं वाटत होतं, मावशी," ती म्हणाली. "नुसतं बरं वाटत होतं. बरी होत नव्हते. बरं वाटता वाटता मी मरत होते."